डोहाच्या काठावरून

आर्णीतल्या माह्या मायले बालीहून राजदीपचा जय भीम.

माय, मी बरा हावो. टूरवाल्यांनी स्वयंपाकाले आणलं, तर इथंही वरण-भातच करून राह्यलो. काल पॅसेंजर लोकायले धबधब्यावर नेलं. हिरव्या डोंगरावरून पाणी पडते, खाली निळा डोह. तुले आवडला असता. तुहे गुडघे कसे हायेत? शीलाताई येऊन गेली का?

काठावर जेवण वाढत होतो, तवा फोटो काढता काढता अमरावतीची एक पोरगी घसरून डोहात पडली. सारे मलेच ओरडले, "महाराज, उडी मारा!"

भीमराजदादा नाल्यात बुडाला, त्या दिवशी तू मले तुह्या गळ्याची शपथ घातली होती, का पाण्यात पाय टाकशील नाही. म्हणून मी पोहणं शिकलोच नाही. हातातला झारा लांब केला. पुरला नाही. पोरगी वर आलीच नाही.

आज सकाळी तिच्या मायले चहा नेऊन देल्ला. तिनं एवढंच विचारलं, "तुमाले पोहता येत नाही का, भाऊ?"

माय, तुही शपथ मी मोडली नाही. पण आता घरी आलो का पहिले तुह्या तोंडानं 'शपथ सुटली' म्हण.

तुहा राजदीप