मालविनामावशीचे एकोणीस वादक

हानापेपे, काउआई बेट, हवाई
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप उलुलानीताईस,

धाकट्या वेंडेलचा वाकून नमस्कार. (वाकताना खुर्चीचा आधार घेतला, पण नमस्कार पुरता केला.) मी इकडे बरा आहे. पायाचा अंगठा अधूनमधून सुजतो. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या पायांचं सूप बंद करा. मी वाटी लहान केली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? लास वेगासच्या कोरड्या हवेत सांधे छान राहतात असं तू लिहितेस आणि त्याच पत्रात खाली गुडघ्यांबद्दल रडतेस, तेव्हा नक्की काय ते एकदा ठरवून कळव. भावोजींना माझा अलोहा सांग. इथल्या तुझ्या जुन्या अंगणातल्या आंब्याला यंदा इतके आंबे लागले की शेजारी मला चुकवून मागच्या रस्त्याने जातात.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण उकुलेले महोत्सव, आपल्या चार तारांच्या चिमुकल्या गिटारीचा. तिथे जे घडलं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं. आपल्या बेटावरची बातमी वेगासला विमानाच्या आधी पोचते.

तुला ठाऊकच आहे, रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये मालविनामावशीच्या उकुलेले वर्गाला जातो. मावशी आता एकोणऐंशीची आहे आणि एकतीस वर्षं हा वर्ग चालवते आहे. मी तिथे का जातो, याचं कारण तुला मागे लिहिलं होतं ते असं, की आपल्या बाबांची कला घरात टिकली पाहिजे. ते कारण चांगलंच आहे. पण त्या वर्गात शार्लीन ओयाडोमारी नावाची एक विधवा बाई येते (शाळेत तुझ्याबरोबर असलेल्या हेन्रीची चुलत बहीण, केस पांढरे, चष्मा लाल). ती दर खेपेला कैरीचं लोणचं आणते आणि माझ्या उजव्या हाताला उभी राहते. या दोन गोष्टींनी कलेला बराच हातभार लागला.

आता मुद्द्याची गोष्ट. ताई, मला उकुलेले वाजवता येत नाही. तीन वर्षांत एक सूर आला नाही. तार दाबली की बोट दुखतं आणि बोट उचललं की सूर जातो. पहिल्या महिन्यातच मी यावर उपाय काढला. उजवा हात तारांच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून फिरवायचा, डोळे मिटायचे आणि मान अशी डोलवायची की बघणाऱ्याला वाटावं, याला आतून काहीतरी होतंय. आम्ही एकोणीस जण आणि मावशी. एवढ्या गर्दीत माझा आवाज नाही हे कुणाला कळणार? उलट सगळे म्हणायचे, वेंडेलचा हात किती हलका आहे. खोटं नव्हतं ते.

महोत्सव समुद्राकाठच्या बागेत होता. सकाळी दहाच्या सुमारास अख्खं गाव खुर्च्या, चटया आणि बर्फाच्या पेट्या घेऊन हजर. ज्याच्या त्याच्या मांडीवर उकुलेले. खायला भात-चिली (भात आणि खिमा-राजम्याचं कालवण), भातावर तळलेलं डब्यातलं स्पॅम मांस आणि बर्फाचे गोळे होते. मावशीने सगळ्यांना फणसाच्या पानांच्या नक्षीचे एकसारखे शर्ट शिवून घेतले होते. माझा पोटावर असा बसला होता की श्वास घेतला की एकेक पान रुंद व्हायचं. शार्लीन म्हणाली, तुम्हाला हिरवा रंग शोभतो. मी त्यानंतर बराच वेळ श्वास घेतला नाही.

मंचावर जाण्याआधी मावशीने आम्हाला झाडाखाली गोळा केलं आणि सांगितलं की हे आपलं शेवटचं वर्ष. बोटं आखडतात, पुढच्या वर्षीपासून वर्ग बंद. तेव्हा आज नीट वाजवा, माझी लाज राखा. हे बोलताना तिने प्रत्येकाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं असं मला वाटलं.

आमचा नंबर सातवा होता. गाणं मावशीचंच, तिच्या आईवर तिने रचलेलं. मिठागरात गुडघे टेकून लाल मातीच्या वाफ्यांमधून मीठ गोळा करणारी आई. गावात ते सगळ्यांना पाठ आहे. पहिलं कडवं गात वाजवायचं आणि मग एक अख्खा फेर नुसताच वाजवायचा, असं ठरलेलं. पहिलं कडवं झकास झालं. (गाण्यात मी पक्का आहे, हे तू तरी मान्य करशील.) मग आम्ही तोंडं मिटली, फेर सुरू झाला, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला मावशीची तार तुटली. ती थांबली आणि खाली वाकून तार बघू लागली.

आणि ताई, आवाज गेला. कमी नाही झाला, पूर्ण गेला. मंचावर एकोणीस माणसं हात हलवताहेत, माना डोलवताहेत, पाय ठेका धरताहेत आणि आवाज म्हणशील तर शून्य. निवेदकाला वाटलं ध्वनिक्षेपक बिघडला. त्याने येऊन त्यावर दोनदा बोट मारलं. टकटक अगदी स्वच्छ ऐकू आली, बागेच्या पार टोकापर्यंत. मग मंचाखालून एक कोंबडा निघाला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि तो आरवला.

मी एक डोळा किलकिला करून उजवीकडे पाहिलं. शार्लीनचा हात तारांच्या वर फिरत होता. अंतर तांदळाच्या दाण्याएवढं. तिनेही त्याच वेळी माझ्या हाताकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही हात थांबवला नाही. काय करणार?

(नंतर मी चौकशी केली. चौघांना थोडंफार येतं. पण मावशी थांबली म्हणून तेही शिस्तीत थांबले आणि घाबरून हात तेवढे हलवत राहिले. मला धरून बाकी पंधरा जण एकाच जातीचे. प्रत्येकाची समजूत, की वाजवणारे दुसरे आहेत.)

मावशी सावकाश सरळ झाली आणि आमच्याकडे वळली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांचे हात पाहिले. मला वाटलं, ही आता इथेच कोसळते. ती ध्वनिक्षेपकापाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "मंडळी, हे माझे विद्यार्थी. एकतीस वर्षं शिकवतेय मी."

बाग हसली. असं हसणं मी बाबांच्या वेळच्या लग्नांनंतर ऐकलं नव्हतं. आणि त्या हसण्यातच पुढच्या चटईवरच्या एका म्हाताऱ्याने जिथे सूर तुटला होता तिथून तो उचलला. मग त्याच्या शेजारणीने, मग तिच्या मागच्या रांगेने. बघता बघता दोनशे-अडीचशे उकुलेले वाजू लागले, मावशीच्या आईचं गाणं, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही वाद्यं खाली ठेवली आणि गायलो. मावशी एका बर्फाच्या पेटीवर बसली, तुटकी तार बोटाला गुंडाळली आणि शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिली. माझे डोळे भरून आले. (शर्टही घट्ट होता.)

नंतर मांडवामागे मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मावशी, चुकलो, तीन वर्षं तुला फसवलं. ती भात-चिली खात होती. चमचा खाली न ठेवता म्हणाली, "वेंडेल, माझी बोटं आखडलीत, कान नाही. तुम्ही सगळे खरंच शिकला असतात तर मंगळवारी माझ्याकडे कोण आलं असतं?" आणि मग मला भाताची दुसरी ताटली आणायला पिटाळलं.

वाटेत शार्लीन भेटली. बराच वेळ दोघंही कोंबड्याबद्दलच बोललो. मग ती म्हणाली, "तुम्ही इतके तल्लीन होऊन वाजवायचात, म्हणून मी तुमच्या शेजारी उभी राहायचे. म्हटलं, यांच्या आवाजात माझं खपून जाईल." मला जरा लागलंच. तीन वर्षं मला वाटत होतं की ती माझ्यासाठी उभी राहते. मग तिने विचारलं, तुम्ही कशाला येत होतात? आता बोलायची वेळ होती, ताई. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, लोणच्यासाठी. ती हसत हसत निघाली. दहा पावलं गेल्यावर वळून म्हणाली की बरणी घरी भरलेली आहे, आणि बुधवारी ती रिकामीच असते. बरणी नव्हे, ती स्वतः. दोघं मिळून निदान एक सूर तरी खरा शिकू, असं ठरलं.

असो. पत्र लांबलं. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा आज्ञाधारक (लहानपणचं सोडून दे),
वेंडेल

ता. क. चार बुधवार झाले. उकुलेले अजून पेटीतून बाहेर निघालेलं नाही. बरणी तिसरी चालू आहे.

ता. क. २. तुझ्या साठीला मी माझं वादन म्हणून जी कॅसेट पाठवली होती, ती मालविनामावशीची आहे. माझा त्यात फक्त शेवटचा खोकला. ती ऐकवून तू तुझ्या तिथल्या हवाई मंडळाला भुरळ घातलीस आणि नोव्हेंबरच्या कार्यक्रमात मला पाहुणा कलाकार म्हणून बोलावलंस, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. (संध्याकाळचं.) तेव्हा त्यांना सांग की वेंडेलच्या हाताच्या अंगठ्याला मार बसलाय. येणं मात्र रद्द करू नकोस. आणि एक जागा वाढव. शार्लीनला वेगास पाहायचं आहे.

ता. क. ३. हे पत्र मंगळवारी वर्गातल्या टेबलावर उघडं राहिलं आणि मावशीने ते मोठ्याने वाचलं. अंगठ्याचं कुणाला सांगू नकोस, ते आता चालायचं नाही. मावशीने वर्ग बंद करायचा बेत मोडला आहे आणि नोव्हेंबरला आम्ही वीसच्या वीस जण येतो आहोत. तुझ्या बैठकीच्या खोलीत किती गाद्या मावतात ते मोजून लगेच कळव. खिडकीजवळची मावशीला हवी आहे.