सरांना न पटलेलं उदाहरण

ताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. वाचून वाचून डोळे तेवढे चुरचुरतात आणि वाचनालयात बसल्या बसल्या डुलकी लागते.

तत्त्वज्ञानाच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सरांना दाखवलं. विषय तुला माहीतच आहे, आपल्या माणसांबद्दलचं कर्तव्य. त्यात मी एक उदाहरण दिलं होतं. वडील अंथरुणाला खिळलेत, आणि धाकटी मुलगी त्यांना बहिणीवर सोपवून लांब शिकायला जाते. सर म्हणाले, "हे काही पटत नाही. असं कोण वागतं?"

मी म्हटलं, "सर, मी वागतेय."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग हळूच म्हणाले, "मग राहू द्या. पण त्या मुलीला काय वाटतं, ते तुम्ही लिहिलंच नाही."

तीन दिवस झाले, एक ओळ सुचलेली नाही.

बाबा आता आपल्या हाताने जेवतात का? त्यांना उचलून उचलून तुझी कंबर गेली असेल. काकू बसतात ना अधूनमधून, की सगळं तुझ्याच गळ्यात?

शनिवारी निघतेय, पंधरा दिवसांसाठी. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय. बाबांना आंघोळ मी घालीन. तू आपली खुशाल दहापर्यंत लोळत पड.

तुझी,
धाकटी