घरात कापूस आहे

३ नोव्हें., सोम.
नि.चा मस्कतहून फोन. गाडी ठरली. पाच जणांची, वाळूत चालणारी. २६ डिसें.ला तिथून निघायचं. मस्कत, निझवा, हायमा, सलालाह, परत समुद्राच्या काठाने. बारा दिवस. नि., सूनबाई, परी आणि इथून मी आणि हे. बरोबर पाच.
चिरंजीवांनी मस्कत ते सलालाह एका दिवसात धरलंय. हजार किलोमीटर, आणि सहा वर्षांची नात मागच्या सीटवर. विचारलं, तिला शू लागली तर? "आई, रोड एकदम सरळ आहे." सरळ रस्त्यावर शू लागत नाही, असं मी कुठल्या वर्गात शिकवलं?
नवी वही काढली. पहिल्या पानावर ओमानचा नकाशा. हात अजून बसलेला आहे.

५ नोव्हें.
खालच्या वावरात कापसाची वेचणी सुरू. सीतादही केलं, दहीभाताचा नैवेद्य झाडापाशी ठेवला, मगच बायांनी कापूस वेचायला कमरेला ओटी बांधली. गंगूबाई आणि तिच्याबरोबरच्या अकरा जणी.
वहीत: पाणी माणशी रोज चार लिटर, शिवाय वीस लिटर राखीव. टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर भरायची. हायमाला मुक्काम. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची. नि.ला हे माहीत नव्हतं. तीन वर्षं झाली तिथे राहून!
एकोणतीस वर्षं दर वर्षी दोन तास वाळवंट शिकवलं. फळ्यावर टेकड्या काढल्या. वाऱ्याकडून मंद उतार, पलीकडे तीव्र. एकाही टेकडीवर पाय ठेवलेला नाही.

१२ नोव्हें.
बैठकीची खोली कापसाने भरली, खालच्या वावराचा. घरामागच्या वावरातला आता मागच्या खोलीत. सोफा अंगणात. सगळ्यांच्या अंगाला खाज. हे विकत नाहीत, भाव पडलाय. "जानेवारीत पाहू." दर वर्षी जानेवारीत पाहतात आणि मार्चात विकतात.
पासपोर्ट आले, तीन. अर्ज मीच भरले होते. तिसरा नामदेवभाऊजींचा. धाकटे दीर, घर भिंतीला भिंत. यांना कशाला, म्हणून तेव्हाच विचारलं होतं. "असू द्या वहिनी, कामी पडते."

१८ नोव्हें.
तिकिटं आली. दोन.
एक ह्यांचं. दुसरं नामदेवभाऊजींचं.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हे जेवत होते. विचारलं. मान वर न करता, "घरात कापूस हाय. घर सुनं कसं ठेवाव?"
"म्हणजे मी राहायचं?"
"मंग कोन?"
दुसरी भाकरी वाढली नाही. स्वतः उठून घेतली त्यांनी. घेता येते, हे कळलं.

१९ नोव्हें.
काल पुढचं लिहवलं नाही.
घरात कापूस असला की घर सुनं ठेवत नाहीत. हे मलाही मान्य. एक ठिणगी पुरते. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून पाळलंय. माहेरी वडिलांचा दहावा होता तेव्हाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले, घरात कापूस होता म्हणून. तेव्हा कुणी म्हणालं नाही, मी थांबतो, तू राहा.
नि.ला फोन. "बाबा म्हणाले, तुझं नाही म्हणून ठरलंय."
"मला विचारलंस?"
"आई, मला वाटलं तुला प्रवास झेपणार नाही." आणि लगेच, "ती रूटची वही फोटो काढून पाठवतेस का?"
वही कपाटात. किल्ली माझ्याकडे.

२१ नोव्हें.
हे आज समजूत घालायला बसले. म्हणे, "तुले तं वाळवंट पाठ हाय. पाहून काय करशीन?"
"तुम्हाला वावर पाठ आहे. रोज कशाला जाता?"
उठून गेले. वावरातच.

२४ नोव्हें.
नामदेवभाऊजी विचारायला आले. "वहिनी, तिकडं सफारी चालते काय? दोन शिवाले टाकल्या."
म्हटलं, तुमचा कापूस?
"माहा तं कवाच इकला. खाज कोन सहन करन?"
"मग तुम्ही मोकळे. पंधरा दिवस इथे येऊन झोपा, मी जाते."
"आता कसं जमन! दादाले सोबत पायजे. अन् तिकीट माह्या नावाचं हाय."
नाव त्यांचं. पासपोर्टचा अर्ज भरला तो हात माझा. जन्मतारीखसुद्धा त्यांना मी सांगितली.

२७ नोव्हें.
वेचणीवर गंगूबाईला कळलंच. बायांना सगळं कळतं. "काहो मास्तरीणबाई, तुमी नाई जाऊन राह्यल्या? तुमी नसल्या तं तिकडल्या उंटाले शिस्त कोन लावन?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ते कापसाची धूळ म्हणून पुसलं.
जाताना ती एकटी मागे थांबली. "मी राहीन न बाई तुमच्या इथं. पंधरा दिवस का कुठं मोठे? नवऱ्यालेही आनतो."
संध्याकाळी ह्यांना सांगितलं.
"बाहेरच्याच्या भरोशावर घरचा कापूस? खुळी झाली काय?"
ज्या हातांनी बोंड न् बोंड वेचलं ते हात बाहेरचे! वावरातून घरापर्यंत गठुडं तिच्याच डोक्यावरून येतं. उंबरठा ओलांडला की ती बाहेरची. आणि मी? मी आतली. इतकी आतली, की बाहेर पडायचंच नाही.

२ डिसें.
चार दिवस विचार केला. ठरलं.
खालचं वावर माझ्या नावावर आहे. सातबारा काढून पाहिला, उगाच चूक नको. त्यातला कापूस माझा. बैठकीच्या खोलीत आहे तो. मारेगावच्या व्यापाऱ्याला फोन केला. शुक्रवारी गाडी पाठवतो म्हणाला. "मास्तरीनबाई, भाऊले विचारलं ना?" म्हटलं, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते विचारा.

५ डिसें., शुक्र.
गाडी आली. दोन हमाल, काटा. ह्यांनी फाटकात उभं राहून पाहिलं. अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "जानेवारीत भाव आला असता."
"आला असता तर आला असता. माझा कापूस, माझा जानेवारी."
भाऊजी भिंतीवरून डोकावत होते. त्यांना म्हटलं, या, झाडू घ्या. डोकं खाली गेलं.
खोली झाडली. खिडकी महिन्याभराने उघडली. सोफा आत.
आता घरात उरला तो मागच्या खोलीतला. तो ह्यांचा. त्याची राखण ह्यांची. मी तसं सरळ सांगितलं, जेवताना, आणि दुसरी भाकरी वाढली.

८ डिसें.
मारेगावला जाऊन तिकीट काढून आले. २३ तारीख, त्यांचंच विमान. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजी, सोबत कोन हाय?" मी म्हटलं, वही आहे.
नि.ला कळवलं. त्याचा फोन दहा मिनिटांत. आधी आनंद दाखवला, मग पोटातलं आलं. "पण आई, गाडीत पाचच सीट आहेत. मोठी गाडी सुट्ट्यांत मिळत नाही."
"पाच कोण, ते तुम्ही बापलेक ठरवा. सहावी मी नाही."
"आई, तू असं..."
परीला फोन दिला. परी म्हणाली, "आजी, वाळवंटात शूला थांबायचं ना?" हो म्हटलं. दर दीड तासाने. वहीत आहे.

१४ डिसें.
घरात बोलणं फक्त कामापुरतं. भाऊजींच्या सफाऱ्या शिवून आल्या. एक घालून मुद्दाम अंगणातून दोनदा गेले. राखाडी. चांगली शिवलीय, खोटं कशाला लिहू.
पण त्यांची बायको दुपारी येऊन सांगून गेली. "बाई, आमच्या घरात रोज कटकट चालू हाय. हे म्हणतात, दादा सांगन तं राहीन. अन् दादा सांगतच नाई."
सांगणार कसे? धाकट्या भावाला 'तू राहा' म्हणायला तोंड उघडत नाही. बायकोला म्हणताना अडखळलेही नव्हते.

१७ डिसें.
नि.ला वहीचे फोटो पाठवले, सगळे, एकवीस पानं. कुणीही गेलं तरी परी त्या गाडीत आहे. तिच्या पाण्यावर रुसवा काढायचा नाही.
खाली लिहिलं: पान ९ वरचा हायमाचा मुक्काम बदलायचा नाही. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

२० डिसें., शनि.
सकाळी हे पिशवीत मूठभर कापूस घेऊन निघाले. मारेगावला. भाव विचारायला, की नुसतं दाखवून यायला, सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
चार वाजता फाटकाशी मोटरसायकल. भाऊजी पुढे, हे मागे. भाऊजी उतरले नाहीत, गाडी वळवून स्वतःच्या दारात गेले.
हे आत आले. मागच्या खोलीचं दार उघडून कितीतरी वेळ उभे. कापूस आढ्यापर्यंत आहे. मी तूर निवडत होते.
तसेच पाठमोरे म्हणाले, "रात्री तिकडं थंडी रायते काय?"
एकोणतीस वर्षांत वर्गात हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचं. कुणासाठी विचारताय, हे मी त्यांना विचारलं नाही. म्हटलं, राहते. वाळू तापते लवकर, निवतेही लवकर.
"हं," म्हणाले. दार लावलं नाही.
तूर बाजूला ठेवली. कपाटातून स्वेटर काढला. माझा.