बिनटपाची गाडी आणि आखाजीचा मुराळी

सावदा, आखाजीला आठ दिवस बाकी

तीर्थरूप सौ. बेबाअक्काच्या पायांशी (तेवढं जवळ येऊ दिलंस तर) धाकट्या हेमराजचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आबांनी ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी केळीच्या बागेत चक्कर मारतात आणि परत आल्यावर माझ्या चुका मोजून सांगतात, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज. कामिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंडाला काही झालेलं नाही. तुझी भाची भाविका परीक्षा देऊन घरी आली आहे आणि दिवसभर मोबाइलमध्ये बघून मला शहाणपण शिकवते. रुपचंद दाजींची साखर आटोक्यात आहे ना? तुझी कंबर कशी आहे? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस (हा शोध भाविकाने लावला, मी तीन वर्षं समजत होतो की शिरपूरला रेंज नसते). म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

सरळ मुद्द्यावर येतो. अक्षय्य तृतीयेला माहेरी यायची तुझी रीत, पण तुझ्याविना तीन आखाज्या गेल्या. आई गेल्यावरही तू दरवर्षी यायचीस, झोका बांधायचीस, कामिनीच्या पुरणाच्या मांड्यांना नावं ठेवायचीस आणि मग चार चार खायचीस. यंदा चौथी आखाजी कोरडी जाऊ द्यायची नाही, तुला आणायचंच, असं मी ठरवलं आहे. परवा आबांनी झोक्याचा दोर माळ्यावरून काढून उन्हात टाकला. दोर कशाला काढला म्हणून विचारलं तर म्हणाले, उंदरांनी खाल्ला का बघतो.

आता तुझ्या रागाचं कारण. मी त्याचा पुष्कळ विचार केला आहे. त्या वर्षी केळीची कापणी चालू होती, व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर उभा होता, म्हणून मला स्वतः तुला न्यायला, मुराळी म्हणून, यायला जमलं नाही आणि मी आपल्या सालदाराला, उखर्डूला, गाडी देऊन तुला घ्यायला पाठवलं. गाडी भाड्याची असली तरी एसी होती. तू उखर्डूला पोटभर जेवू घातलंस (त्या आमरसाची तारीफ तो अजून करतो, कामिनीच्या समोर करतो, हे विशेष) आणि गाडी रिकामी परत पाठवलीस. वर निरोप दिलास, "भाऊले सांगजो, गाडी पोचली." मला वाटलं, पोच दिली. नंतर लक्षात आलं की तुला गाडी आवडली नाही. त्या गाडीची नंबरप्लेट पिवळी होती! गल्लीतल्या बायकांसमोर बेबाबाईला न्यायला भाड्याची गाडी आली, हे तुला कसं खपावं? चूक माझी आहे. म्हणून यंदा केळीला भाव बरा लागल्यावर मी ठरवलं की अक्काला आणायला अशी गाडी न्यायची, की शिरपूरची माणसं आठ दिवस दुसरं काही बोलणार नाहीत.

त्याप्रमाणे गेल्या सोमवारी आम्ही सहकुटुंब जळगावला गेलो. तिथे एका दुकानात श्रीमंतांनी वापरून कंटाळलेल्या परदेशी गाड्या मिळतात. दुकानातला स्वप्नील नावाचा मुलगा फार गोड बोलतो. (एवढं गोड बोलणारा माणूस आपल्याकडे फक्त निवडणुकीत दिसतो.) त्याने दोन गाड्या दाखवल्या. एक काळी, लांबलचक, मागे डिकीवाली, तिला सेडान म्हणतात. दुसरी लाल, तिला छत नव्हतं. म्हणजे होतं, पण स्वप्नीलने बटण दाबलं तसं ते आपोआप उचललं गेलं, घडी झालं आणि मागे डिकीत जाऊन बसलं. भाविकाने टाळ्या वाजवल्या. मी गंभीरपणे मान हलवली, जणू मी अशा रोज बघतो. आबांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, आपल्या दमनीले तरी टप होता." स्वप्नीलला दमनी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, तीही एखादी परदेशी कंपनी असेल. आबांनी मग त्याला बैलांसकट सगळी माहिती दिली.

लाल गाडी माझ्या मनात भरली, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. माझा विचार असा, की बंद गाडीत बसलेलं माणूस दिसत नाही. तू माहेरी निघालीस हे गल्लीला, चोपड्याला, यावलला, फैजपूरला, सगळ्यांना दिसायला नको का? कामिनीचं म्हणणं सेडान घ्यावी. कारण लाल गाडीत पुढे दोन माणसं बसतात आणि मागची सीट म्हणजे नुसती शोभा, तिथे फार तर पापडाचा डबा बसेल. छत डिकीत गेलं की डिकीही भरली. मग अक्काचं सामान, कुरडया, आंब्याची पेटी आणि दाजी कुठे बसणार? मी म्हटलं, दाजी मागून एसटीने येतील. (दाजींना हे सांगू नकोस.)

स्वप्नील म्हणाला, चालवून बघा. झालं. मी लाल गाडीत बसलो, शेजारी आबा, मागच्या शोभेवर भाविका तिरकी होऊन. वेळ दुपारी साडेबाराची. छत उघडं. अक्का, जळगावचं ऊन मी पन्नास वर्षं बघतो आहे, पण त्यात कातड्याच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. बसलो तसा उठलो. मग रुमाल घालून बसलो. स्टिअरिंग तव्यासारखं तापलेलं, म्हणून दोन बोटांनी धरलं, आणि लोकांना वाटलं मी ऐटीत चालवतो आहे. आबांनी शांतपणे आपली काळी छत्री उघडली. चालत्या गाडीत! मी म्हटलं, आबा, मिटा. ते म्हणाले, तू तुझं झाकण लाव, मी माझी छत्री मिटतो. मी झाकणाचं बटण दाबलं, तर झाकण अर्धं वर आलं आणि तिथेच अडलं. पुढून कडब्याची कुट्टी भरलेली ट्रॉली चालली होती. तिच्या मागे आम्ही एक कोस गेलो. सगळी कुट्टी आमच्या अंगावर. भाविकाने व्हिडिओ काढला आहे, तो मी पुसायला लावला, पण तिने पुसला नसावा. (परवा पाचोऱ्याहून तिच्या मावशीचा फोन आला आणि ती नुसती हसत होती.)

एवढ्यावर भागलं नाही. वाटेत एका मंगल कार्यालयासमोर वरात निघायच्या तयारीत होती. आम्हाला बघून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि नवऱ्या मुलाच्या मामाने गाडी थांबवून मला विचारलं, "दिवसाचं भाडं काय घेता?" मी म्हटलं, ही भाड्याची नाही, मी शेतकरी आहे. तो म्हणाला, बरं, मग डिझेल टाकून काय घेता? आबांनी तेवढ्यात त्याच्याकडून त्याचा नंबर लिहून घेतला. म्हणाले, गाडी घ्यायचीच झाली तर सुटीच्या दिवशी बसून काय राहील, कामाला लावू. म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटपासून सुटका व्हावी म्हणून मी एवढं करतो आहे, आणि बाप मला पुन्हा तिथेच नेतो आहे!

मग काळी सेडान. ही आम्ही घरापर्यंत आणून बघायची परवानगी घेतली, स्वप्नील सोबत आला. आत एवढी थंड की आबांनी उपरणं कानाला गुंडाळलं. काचा इतक्या स्वच्छ की आबांना त्या उघड्याच वाटल्या आणि त्यांनी तंबाखूची पिंक टाकली. ती कुठे गेली ते लिहीत नाही. स्वप्नीलचा गोडवा तिथे पहिल्यांदा थोडा कमी झाला. पण गाडी चालली मात्र पाण्यावरून चालल्यासारखी. मला ती पटत आली होती, तेवढ्यात माझ्यातला शेतकरी जागा झाला. जी गाडी बागेपर्यंत जात नाही ती आपल्या काय कामाची, असं म्हणून मी तिला शिवाररस्त्याला घातलं. तुला तो रस्ता माहीत आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चर पडलेत आणि मधे उंचवटा. काळी गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली, चाकं नुसती गरगर फिरायला लागली. शेवटी उखर्डूने ट्रॅक्टर लावून ओढली. स्वप्नील बांधावर डोकं धरून बसला होता. कामिनीने त्याला ताक दिलं.

रात्रीपर्यंत नको, दुपारच्या चहालाच निर्णय करू म्हणून मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. भाविकाचं मत लाल, माझं मत लाल पण उन्हाळा सोडून, आबांचं मत दमनी. कामिनी म्हणाली, "अहो, अक्कांनी त्या दिवशी गाडी कुठं परत पाठवली होती?" मी म्हटलं, मग काय पाठवली होती? ती कप उचलून आत गेली. बायकांना गाड्यांमधलं कळत नाही, म्हणून मी तो विषय वाढवला नाही. बहुमताने आणि अंगावरच्या कुट्टीचा विचार करून मी सेडान नक्की केली आहे. तुझ्या दारात काळी गाडी उभी राहील, पांढऱ्या नंबरप्लेटची. तू फक्त तारीख कळव.

दाजींना नमस्कार, आमच्या भाचीला, ऋतिकाला, आणि तिच्या बाळाला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
हेमराज पितांबर

ता. क. गाडीचं पोट दुरुस्तीला गेलं आहे. स्वप्नील म्हणतो, आखाजीनंतर पंधरा दिवस लागतील. तो आता मला काका म्हणत नाही, सर म्हणतो. तेव्हा यंदा आखाजीला दारात लाल नाही आणि काळीही नाही.

आणखी ता. क. हे पत्र कामिनीने वाचलं आणि टाकू दिलं नाही. म्हणाली, एवढी पानं भरून गाड्या लिहिल्या, चूक हा शब्द फक्त नंबरप्लेटसाठी आहे. दोन दिवस पत्र भिंतीतल्या देवळीत पडून राहिलं. तर लिहितो. अक्का, त्या दिवशी कापणी नव्हती. कापणी आदल्या दिवशीच संपली होती, ट्रकही गेला होता. मी ओसरीवर पंख्याखाली पडलो होतो. बाहेर ऊन होतं, शिरपूर लांब वाटलं, आणि मनात आलं, गाडी पाठवली की झालं, अक्का काय, येईलच. तू येशील हे मी धरून चाललो. तू दारात पिशवी भरून तयार बसली असशील आणि गाडीतून फक्त उखर्डू उतरला असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझं चुकलं. फार चुकलं.

शेवटचं ता. क. हे शिरपुरात लिहितो आहे. सकाळच्या एसटीने निघालो, चोपड्याला बदलली, उभ्याने आलो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जी पिठाची गिरणी आहे तिथल्या बाकावर तासभर बसलो आहे. पुढची बारा घरं चालायची हिंमत होत नाही. आत्ता दाजी दळण घेऊन आले आणि मला बघून डबा तसाच धरून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, मधे पडा ना जरा. ते म्हणाले, "मी मझार पडाव नही, चिठ्ठी तेवढी पोचाडसू." म्हणून हे त्यांच्या हाती देतो आणि त्यांच्या मागेमागे येतो. हे वाचेपर्यंत मी तुझ्या पायरीशी उभा असेन. यंदा मुराळीच आला आहे, गाडी नाही. यायचं नसेल तर नाही म्हण, मी ऐकून घेईन. पण ते सांगायला दारापर्यंत ये.