काटेवाल्यांची प्रार्थना

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, नुसती रडत राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा सोमवारी सकाळी गेले, चहा पिऊन. कप विसळायला स्वतःच उठत होते. मी रागावले, तर म्हणाले की उष्टं भांडं दुसऱ्यासाठी ठेवून जाऊ नये. मग खुर्चीत टेकले आणि तिथेच मान टाकली. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि शेवटचं बोलणं एका कपाबद्दल. तो कप मी अजून विसळलेला नाही.

बाजारातले झाडून सगळे दुकानदार आले होते. ज्या किराणावाल्याचं हलकं वजन बाबांनी भर दुकानात उपडं करून दाखवलं होतं आणि ज्याने त्यानंतर वर्षभर आपल्याशी बोलणं टाकलं होतं, तोच खांदा द्यायला सगळ्यात पुढे. प्रार्थनाघरातली मंडळी तर हवालदिल झाली आहेत. बाबांनी जन्मभर पहाटे उठून तिथे झाडू मारला, आणि बसायला मात्र शेवटची ओळ. आता झाडणार कोण, हे त्यांनी तिथेच विचारायला सुरुवात केली. मला राग आला, पण खरं तर तेही रडतच विचारत होते.

आपलं काटेदुरुस्तीचं दुकान बंद आहे. तराजू टांगलेले तसेच आहेत. पारडी मी फडक्यात गुंडाळून ठेवली, वाऱ्याने वाजायला लागली की ऐकवत नाही.

पुढच्या रविवारी घरचे सगळे जमून बाबांची आठवण करायची ठरवलंय. रोज संध्याकाळी जेवणाआधी ते घरातल्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचे, ती त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवी. तू थोरला. पायाचं प्लास्टर तोवर निघेल ना? पंपघराचे जिने चढायला तुला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तू रिटायर झालास हे तुला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

ये रे. माझ्यावरचा लोभ पायाइतका अवघडू देऊ नकोस.

तुझी,
ठकू

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

प्लास्टर अजून दोन आठवडे आहे. पण पायाचं निमित्त सांगून मला सुटायचं नाही. पाय धड असता तर बाबांना शेवटचं बघायला धावत आलो असतो. नावं घ्यायला मात्र बसलो नसतो.

तुला आठवत असेल. आई आजारी होती तेव्हा आपण काय कमी प्रार्थना केल्या? मी तर महिनाभर बाबांच्या शेजारी बसून रोज केली. आई गेली. तेव्हा मी बाबांना सांगितलं की यापुढे तुमच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊ नका, मला त्यात धरू नका. वाटलं, चिडतील. त्यांनी हातातला काटा खाली ठेवला आणि म्हणाले, बरं, तू नको म्हणतोस तर नाही घेणार. संपलं. पुन्हा कधी विषय निघाला नाही. मी दर उन्हाळ्यात येत राहिलो. ते मला जवळ बसवून पंपघराची खडान्खडा चौकशी करायचे, निघताना स्टेशनपर्यंत पोचवायचे. पण संध्याकाळ झाली की मी चपला घालून फिरायला जायचो, आणि त्यांनी कधी थांब म्हटलं नाही.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगतो. बाबांनी माझं ऐकलं, हेच मला सलत राहिलं. पोरगं रागात काहीबाही बोलतं, बापाने ते चार दिवसांनी विसरावं, असं आपल्याला वाटतं. पण आपले बाबा पडले काटेवाले. दिलेला शब्द म्हणजे तोलून दिलेला माल, परत घ्यायचा नाही. इतकी वर्षं त्या घरात रोज सगळ्यांची नावं निघाली, आणि माझं नाही. मागितलं ते मिळालं, मग तक्रार कुणाकडे करायची? आता त्यांच्या खुर्चीत बसून मी कोणत्या तोंडाने नावं घेऊ?

परवा झोपल्या झोपल्या आठवलं. सोनाराचा नाजूक काटा दुरुस्तीला आला की ते आपल्याला समोर बसवून श्वास रोखायला लावायचे. या काट्याला श्वासाचंही वजन लागतं, म्हणायचे. मी गाल फुगवून बसायचो आणि तू मला मुद्दाम हसवायचीस. मग मार मात्र कुणालाच नाही, पुन्हा पहिल्यापासून तोलणं. केवढा धीर होता त्या माणसाला.

प्रार्थना मास्तरांना म्हणू दे. जावई असले म्हणून काय झालं, बाबांजवळ ते माझ्यापेक्षा जास्त बसले आहेत. तू जेवत जा वेळेवर. आणि लोभ आहे तो आटू देऊ नकोस, आता मला विचारणारं दुसरं कोण आहे?

तुझा,
दादा

*

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तोवर दूध उतू गेलं.

रविवार पार पडला. तू म्हटल्याप्रमाणे आमच्या टेलरमास्तरांनी प्रार्थना म्हटली. लग्न होऊन या घरात राहायला आल्यापासून रोज ऐकत आलेत, त्यामुळे नावं तोंडपाठ. पहिलं आईचं नाव घेतलं. आई गेल्यावरही बाबांनी ते कधी काढलं नव्हतं. आणि मास्तर थांबले. एक श्वास. मग माझं नाव घेतलं. त्यांच्या मागून म्हणणारी आमची पोरं थांबली, शेजारच्या नर्सबाई थांबल्या, घरातलं एकूण एक माणूस थांबलं. कुणी कुणाला खूण केली नाही.

दादा, बाबा तिथे थांबायचे. आईच्या आणि माझ्या नावामध्ये, तुझ्या जागी. शब्द दिला होता म्हणून नाव घेतलं नाही, पण तसंच पुढेही जाता आलं नाही त्यांना. रोज थांबायचे. तू तेव्हा रस्त्यावर फिरत असायचास, तुला कसं कळणार?

नवीन होते तेव्हा मास्तरांना वाटलं, सासऱ्यांना दमा आहे. खोकल्याची बाटली घेऊन आले, एकदा नाही, तीनदा. बाबांनी ती कडू औषधं मुकाट्याने संपवली, पण खरं काय ते सांगितलं नाही. आमच्या पोरांना तर वाटतं की प्रार्थना अशीच असते. थोरलीने एकदा विचारलं होतं की इथे का थांबायचं, तर बाबा म्हणाले, इथे कुणीतरी बसलंय.

मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. त्यांनीच मला बजावलं होतं. दादाला वाटेल मी शब्द मोडला, म्हणायचे. या थंडीत आजारी पडले तेव्हा मात्र जवळ बोलावलं. म्हणाले, मी नाव घेणार नाही म्हटलं आणि नाही घेतलं, पण थांबत आलो, हा काटा मारणं झालं का? तू त्याला विचार, ज्याचा माल त्यालाच कळणार. उभ्या आयुष्यात कुणाला गुंजभर कमी तोलून दिलं नाही, आणि हीच टोचणी घेऊन पडून होते. मी म्हटलं, उन्हाळ्यात तो येईल तेव्हा तुम्हीच विचारा. उन्हाळा काही आला नाही. आता ते विचारायला नाहीत म्हणून मी विचारते आहे. उत्तर दे.

आणखी एक अडचण. बाबांचं नाव कुठे घ्यायचं तेच कुणाला कळेना. स्वतःचं नाव ते कधीच घेत नसत. मास्तर शेवटपर्यंत जागा शोधत राहिले आणि बाबांचं नाव न घेताच प्रार्थना संपली. तेव्हापासून त्यांना चुटपुट लागली आहे, काल एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या.

तुझ्या जागी आता तुझं नाव घालू का? तू हो म्हटल्याशिवाय घालणार नाही. मीही काटेवाल्यांचीच मुलगी आहे.

लोभाचं काय लिहू, तो तुला न विचारता रोज होतोच आहे.

तुझी,
ठकू

*

ता. २३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

प्लास्टर काढून दवाखान्यातून परतलो, तर दारात तुझं पत्र. पायरीवर बसूनच वाचलं आणि तिथेच रडलो. समोरच्या फळवालीला वाटलं, पाय दुखतोय. तिने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, हाड जुळायला वेळ लागतो. मी हो म्हटलं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. गोड वाटेल ते बोलणार नाही, त्यांनी ते घेतलं नसतं. होय, बाबांनी काटा मारला. श्वासाचंही वजन लागतं हे मला त्यांनीच शिकवलं, मग रोजचा तो एक श्वास बिनवजनाचा कसा म्हणू? नाव घेणार नाही म्हणाले आणि रोज मला पारड्यात धरत राहिले. पण जन्मात एकदाच मारला, तोही गिऱ्हाइकाच्या बाजूने. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगायला मी वेळेत पोचलो नाही, हे दुःख आता माझ्याबरोबरच जाईल.

माझा देवावर विश्वास बसला असं समजू नकोस. मास्तरांना उगाच ती आनंदाची बातमी देऊ नकोस. पण शनिवारच्या गाडीने मी येतोय. दुकान उघडून ठेव, पारडी सोड, वाजली तर वाजू देत. तो कप मी विसळीन. आणि संध्याकाळी फिरायला जाणार नाही. पाय बरा असता तरी गेलो नसतो.

माझं नाव घालू नका. आईचं नाव झालं की नेहमीसारखे थांबा. ती जागा त्यांनी माझ्यासाठी राखली, तेव्हा तिथे काय ठेवायचं ते मी ठरवणार. तुम्ही सगळे थांबलात की तिथे मी बाबांचं नाव घेईन.

पोरांना आशीर्वाद, मास्तरांना नमस्कार. लोभ करतेस तो असाच न तोलता करत राहा.

तुझा,
दादा