गुदमरल्यासारखं वाटल्यास

दि. ४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवतेस, म्हणून हा कागद. कागद वाचला नाही तरी निदान घरात पडून राहतो.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्या मते कामातून गेलाय आणि डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. बाबांनी खिडकीला जाळी स्वतःच बसवली. आता आत आलेले डास बाहेर जाऊ शकत नाहीत. आईने तेवढंच बोलून दाखवलं, तर दोन दिवस अबोला.

अपघातानंतर भावोजींचे हात अजून थरथरतात का? बोलताना शब्द सापडत नाहीत असं आई म्हणत होती. कमी झालं का जरा?

माझं ऑफिस नेहमीसारखंच. कारखान्याच्या सेफ्टी विभागात आम्ही तिघं, एक पंखा. नवीन भरती झालेल्यांना वायूंचे प्रकार शिकवायचं काम माझ्याच गळ्यात आहे. मी घरची उदाहरणं देते, म्हणजे लक्षात राहतं. पेट घेणारा वायू म्हणजे आमची आई. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतो, म्हणजे आत्या. विषारी कोण ते सांगत नाही, कारण मला त्याच घरात जेवायचंय. मग नायट्रोजन. सिलिंडरवर हिरवा चौकोन, ना पेटत, ना विषारी, ना वास, ना रंग. मागून एक जण ओरडला, "म्हणजे जावई!" सगळा वर्ग हसला. मी पुढचं चित्र लावलं.

एक छोटं काम होतं. कामगारांना आम्ही प्रत्येक वायूचं खिशात ठेवायचं कार्ड देतो ना, त्यातलं हिरव्या कडेचं, नायट्रोजनचं, भावोजींकडे असेल. नवीन कार्डं आलीत, त्यामुळे जुनी परत घेतोय. दर वेळी घेतो तशीच. बाकी सगळी जमा झाली, हे एकच राहिलंय. पाकिटात घालून पाठवशील? १४ तारखेच्या त्यांच्या सुनावणीआधी मिळालं तर बरं.

सुनावणीबद्दल मला फारसं काही माहीत नाही. ते काम वरचे लोक बघतात.

तब्येत सांभाळ.

तुझी धाकटी


दि. ११ मार्च, मंगळवार

ताई,

कार्ड मिळालं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. "हॉस्पिटलात त्यांचा शर्ट कापला, पण खिसा शाबूत होता. त्यातच हे होतं. तुझं काम होऊ दे."

मला वाटलं होतं तू चिडून फाडून पाठवशील, नाहीतर पाठवणारच नाहीस. तू तर कोपरे मुडपू नयेत म्हणून पुठ्ठ्यात घालून पाठवलंस. चार दिवस ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काल मी कात्री बाहेर काढली होती. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही खरं वाटणार नाही.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आरोपपत्र मी वाचलंय, तीनदा. त्यात म्हटलंय की भावोजींनी ऑक्सिजन मोजायचा मीटर न लावता टाकीत डोकं घातलं आणि "सोप्या भाषेतली लेखी सूचना जवळ असूनही" तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सिद्ध झालं तर नोकरी जाईल. पुरावा म्हणून फाइलला एक कार्ड जोडलंय. त्यावर लिहिलंय : "या वायूत काहीही जाणवत नाही. मीटर लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालू नये."

ताई, हा मजकूर भावोजींच्या कार्डावर नव्हता. तो मी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी लिहिला. छापायला देताना साहेबांना विचारलं, "तारीख आजची टाकू ना?"

"जुनीच राहू दे."

"पण सर, मजकूर बदललाय."

"अगं, कार्ड तेच आहे, सुधारलंय फक्त. माणूस केस कापून आला म्हणून काय बारसं नव्याने करतात?"

मी हसले, ताई. आणि तारीख तीच ठेवली.

आता जुन्या कार्डाचं. वर्षभरापूर्वी मी कामाला लागले तेव्हा कार्डावर "निष्क्रिय वायू" असं लिहिलेलं होतं. वर्कशॉपमध्ये त्यावर एकच विनोद चालायचा. "निष्क्रिय म्हणजे कोण रे?" "आपला सुपरवायझर." पुढचं कोणी वाचायचंच नाही. मला चेव आला. शिकलेली पोरगी, नवी नोकरी, म्हटलं सगळं बोलल्यासारखं लिहू. लिहिलंही. लोक वाचायला लागले. शाबासकी मिळाली. तुला फोन करून सांगितलं होतं, आठवतं?

त्यात शेवटचं एक वाक्य मी पदरचं घातलं. मूळ कार्डावर ते कुठेच नव्हतं. मला वाटलं, धोका सांगितला की पुढे काय करायचं तेही सांगावं. म्हणून लिहिलं : "गुदमरल्यासारखं वाटल्यास ताबडतोब बाहेर यावे."

नायट्रोजनमध्ये गुदमरल्यासारखं वाटत नाही.

तोंडावर उशी दाबली की जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन कमी पडतो म्हणून होत नाही. आपण बाहेर टाकायचा तो वायू आतच साठतो, ते शरीराला कळतं. टाकीत नायट्रोजन भरलेला असला तर श्वास व्यवस्थित आत जातो, व्यवस्थित बाहेर येतो. छातीला वाटतं, सगळं बरं चाललंय. फक्त त्यात ऑक्सिजन नसतो. एक श्वास, फार तर दोन. मग दिवा विझावा तसा माणूस पडतो. ठसका नाही, घुसमट नाही. माझ्या वाक्याप्रमाणे बाहेर यायची वेळ कधी येतच नाही.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण मराठीत लिहायला बसले आणि "गुदमरणे" हा शब्द इतका सोपा, इतका घरचा मिळाला, की त्याच्या आत काय आहे ते बघितलंच नाही.

त्या दिवशी भावोजींसोबत लंबू होता, तो उंच वेल्डर. तो मला कँटीनमध्ये गाठून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला एक सांगायचंय, पण रागावू नका." टाकी नायट्रोजनने धुऊन ठेवलेली होती, म्हणजे आत हवा उरलीच नव्हती. भावोजींचा पाना झाकणातून आत पडला, हातभर खाली, दिसत होता. लंबू म्हणाला, मीटर आणतो. भावोजी म्हणाले, "अरे, पाना तर समोर आहे. आमच्या मेहुणीनेच लिहिलंय, गुदमरायला लागलं की बाहेर. पाय बाहेरच आहेत की माझे." आणि वाकले. पट्ट्याला धरून लंबूने ओढलं म्हणून आज ते तुझ्यासमोर बसलेत.

लंबूने हे चौकशीत सांगितलं नाही. मला म्हणाला, "तुमचं नाव येईल म्हणून."

मीटर लावायला हवा होता. ते खरंच आहे आणि तेही मी शुक्रवारी सुनावणीत सांगणार आहे. पण इशारा होता आणि त्यांनी तो धुडकावला, हे खोटं आहे. त्यांनी जे वाचलं त्यावर विश्वास ठेवला. मी लिहिलेलं होतं म्हणून जास्तच ठेवला.

आज सकाळी चौकशी समितीकडे माझा जबाब लेखी दिला. दोन्ही मजकूर, छापखान्याची खरी तारीख, "जुनीच राहू दे" कोण म्हणालं ते, आणि ते मानलं कोणी तेही. साहेबांनी प्रत वाचली, चष्मा पुसला, म्हणाले, "तुला कळतंय ना, यात आधी तूच जाणार?" म्हटलं, कळतंय. मग त्यांनी चहा मागवला, एकच.

कार्ड या पाकिटात परत पाठवतेय, रजिस्टर पोस्टाने. ड्रॉवर माझा आहे आणि मी स्वतःला आता ओळखते, त्यामुळे ते तुझ्याकडेच असलेलं बरं. शुक्रवारी अकराला घेऊन ये आणि समितीच्या हातात दे. माझ्या नको, साहेबांच्या तर नकोच. मी तिथेच असेन. माझ्याशी बोलायलाच हवं असं काही नाही.

आई म्हणते भावोजी सारखं एकच बोलतात, "मला कळायला हवं होतं." त्यांना हे पत्र वाचून दाखव. शब्द अडले तर थांबून थांबून दाखव. त्यांना कळणं शक्यच नव्हतं, ताई. कळणं शक्य होतं ते मला.

क्षमा मागायला मी शनिवारी घरी येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

ते वाक्य लिहिणारी,
तुझी धाकटी