सहा घरांतली निळी पिंपं

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या बाटलीत आमच्या नळाचं पाणी आहे, तुझ्या प्रयोगशाळेत नीट तपास. दोन महिन्यांत गल्लीतले नऊ जण आजारी पडलेत. सगळ्यांचं एकच, पोटात मळमळ आणि हातापायांना मुंग्या. आपल्या मनीला तर फ्रॉकचं बटणही लावता येईना. काल म्हणाली, “आई, ही बोटं माझी नाहीत.” सहा वर्षांची पोर! जीव नुसता टांगणीला लागलाय. डॉक्टर म्हणतात साथ असेल, शिंपीणकाकू म्हणतात हवा वाईट. हे बिचारे कारखान्याच्या गोदामातून दमून आले तरी घरोघर चौकशी करत फिरतात.

रक्तदाब सांभाळ, वहिनीची नजर चुकवून मीठ खाऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी


ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाणी दोनदा तपासलं, स्वच्छ आहे. पण मीही शहाणा, आधी विचारलंच नाही. तुम्ही नळाला तोंड लावून थोडंच पिता? भरून ठेवता त्यातलं पाठव. आजारी घरं कोणती, धडधाकट कोणती, तेही कागदावर मांड. लहानपणापासून तुला नसत्या चौकशा, एकदा तरी कामी येऊ देत. तोवर मनीला ताजं नळाचंच पाणी दे. जावईबापूंना नमस्कार.

वहिनीने मीठ कुलपात ठेवलंय. पत्राला उशीर करू नकोस.

दादा


ता. १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरं मांडली आणि कागद तीनदा पडताळला. आजारी घरं सहा, आमचं धरून. सहाही घरांत ह्यांनी आणून दिलेलं निळं पिंप आहे. कारखान्यात रसायनं संपली की रिकामी होणारी ती पिंपं ह्यांनी स्वतः घासून, गरम पाण्याने धुऊन, प्रेमाने वाटली. शेजारच्या घड्याळवाल्यांशी आमचं वाकडं, म्हणून त्यांना दिलं नाही. त्यांच्याकडे सगळे ठणठणीत.

पिंपातलं पाणी पाठवते आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, दादांचा निकाल येईपर्यंत गप्प बस, नोकरी जाईल, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, तोवर लोक तेच पाणी पितील. तेव्हापासून आमचा अबोला आहे. माणूस मनाने सोन्यासारखा आहे रे. उद्या मी एकटीच सांगायला निघणार आहे. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

धाकटी


ता. १८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी मी चपला घालते तोवर हे पुढे निघालेसुद्धा. प्रत्येक दारात एकच म्हणाले, “पिंपातलं पाणी पिऊ नका. माझ्यामुळे तुमची माणसं आजारी पडली असतील.” कुणी शिव्या दिल्या, कुणी मुकाट्याने पिंप बाहेर काढलं. शिंपीणकाकूंनी ह्यांच्या तोंडावर दार लावलं. मनी बरी होईल का, डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. कारण पिंपच, हेही तुझ्या निकालाशिवाय कळायचं नाही.

पाच घरं झाली. सहावं आमचं. मी आधी आत शिरले, हे दाराबाहेरच थांबले आणि तेच वाक्य मला म्हणाले. मी दार लावलं नाही, दादा. पण बाजूला व्हायला मला वेळ लागला.

तुझीच,
धाकटी